तांदूळ वाढले

चिखलीकडच्या उंद्रीच्या पुढे लागणाऱ्या एका गावच्या शाळेत सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता तांदूळ वाढले.

वाढले म्हणजे कोठीच्या तळाशी मापटं खरवडलं आणि वर काय आलं, तर चिमूटभर कणी आणि एक जिवंत किडा. पण शाळेची खिचडी शिजवणाऱ्या कौशल्याबाईंनी धान्याबद्दल 'संपलं' हा शब्द आयुष्यात उच्चारला नव्हता. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान संध्याकाळी बंद होत नाही, वाढतं. तसंच धान्य संपत नाही, तेही वाढतं. अन्नपूर्णा घरातच असते आणि तिचे कान फार तिखट असतात, असं सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चुलीपाशी सांगितलं होतं. गुरुवार आणि चतुर्थीसारखंच कौशल्याबाईंनी हेही एकतीस वर्षं मोडलं नव्हतं.

पूर्वी याने काही अडत नव्हतं. त्या दारातून म्हणायच्या, "सर, तांदूळ वाढले बरं." मुख्याध्यापक शेखर सर तालुक्याला फोन करायचे आणि तिसऱ्या दिवशी पोती उतरायची. या पद्धतीत एकच गंभीर दोष होता. तिच्यावर कोणी संशोधन केलेलं नव्हतं.

हा दोष प्राध्यापिका पुष्पांजली यांनी दूर केला. त्या जिल्ह्यातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवायच्या आणि पाच वर्षांपासून पीएच.डी. करत होत्या. विषय होता 'ग्रामीण महिला स्वयंपाकी व संगणक यांच्यातील स्वाभाविक संवाद: रचनेपासून वापरापर्यंत'. रचना झाली होती, आता फक्त वापर उरला होता. म्हणून त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात, तिखटामिठाच्या फळीच्या वर, एक पांढरा डबा ठोकला. त्याचं नाव 'अन्नपूर्णा'.

नाव ऐकताच कौशल्याबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. थोडं कुंकू डब्याच्या ऐकायच्या भोकात गेलं. त्याची नोंद पुढे प्रबंधात 'स्थानिक हवामानाचा परिणाम' अशी झाली.

"काही शिकायचं नाही बाई," पुष्पांजली मॅडम म्हणाल्या. "घरी बोलता तसंच बोलायचं. ते तुमच्याच बोलीवर तयार झालंय. धान्य कमी पडलं की याला सांगायचं, हे तालुक्याला कळवील, पोती येतील."

"अन् सरायचा फोन?"

"फोन बंद. माणूस मध्ये आला की निष्कर्ष बिघडतात."

शेखर सरांनी संमतीपत्रावर सही केली. संमतीपत्र अकरा पानांचं होतं आणि सही करायची जागा पहिल्याच पानावर होती.

तर सोमवारी कौशल्याबाईंनी हात जोडून डब्याला सांगितलं, "माय, तांदूळ वाढले."

डब्यात हिरवा दिवा लागला. "अभिनंदन! तांदूळ एक पोतं वाढल्याची नोंद झाली."

त्या दिवशी बासष्ट लेकरांना नुसती मटकीची उसळ मिळाली. मंगळवारी उसळीत पाणी मिळालं. "बाई, खिचडी कवा?" पहिलीची पोरं ताटल्या वाजवत विचारत होती. कौशल्याबाईंनी डब्याला पुन्हा सांगितलं. बुधवारी जरा ओरडून सांगितलं. गुरुवारी उपाशीपोटी पाच वेळा सांगितलं, एकदा तर डोळ्यात पाणी आणून. डब्याने प्रत्येक वेळी अभिनंदन केलं. गुरुवार संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या कोठीत आठ पोती तांदूळ जमा झाले.

शुक्रवारी पुष्पांजली मॅडम धावतच आल्या. हातात लॅपटॉप, लॅपटॉपवर आलेख, आलेखावर वर वर चढत गेलेली लाल रेघ.

"बाई, कमाल केलीत! पंचवीस शाळांत तुमची शाळा पहिली. मुलं जेवतायत आणि साठा वाढतोय. असं जगात कुठेच आढळलेलं नाही!"

"काहून आढळन म्याडम? इकडं या, कोठीत पाहा. किडा बी गेला सोडून."

मॅडमनी घाईने डोळ्यांवर हात धरला. "नको, नको! कोठी दाखवू नका. प्रत्यक्ष पाहणी तिसऱ्या टप्प्यात आहे. नीतिमत्ता समितीची परवानगी अजून आलेली नाही."

"तिकडं लोणारचा खड्डा पाहाले विलायतेतून लोक येतात," कौशल्याबाई हळूच म्हणाल्या. "अन् माह्या कोठीतला खड्डा पाहाले दोन पावलं टाकाले तुमाले परवानगी लागते काय वं माय?"

मॅडमनी लॅपटॉप मिटला. त्या चिखलीतच वाढलेल्या होत्या. "वाढले म्हणजे… आमची आईही म्हणते तसं," त्या पुटपुटल्या. "पण ते घरचं झालं. संदर्भसूचीत कुठे नाही. आणि प्रबंध द्यायची मुदत वीस तारखेला आहे." मग एकदम उजळून म्हणाल्या, "बाई, तुम्ही सरळ 'संपले' का म्हणत नाही? एकदाच म्हणा. यंत्राला कळेल."

कौशल्याबाईंनी आधी फळीकडे पाहिलं. पण बाहेर ताटल्या वाजत होत्या. त्यांनी फळीवरची अन्नपूर्णेची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली, कानाच्या पाळ्या धरल्या, मनातल्या मनात माफी मागितली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, "तांदूळ… संपले."

डब्यात पिवळा दिवा लागला. "क्षमस्व. हा शब्द आढळत नाही. तुम्हाला 'सांभार', म्हणजे कोथिंबीर, म्हणायचं आहे का? सांभार एक जुडी वाढल्याची नोंद झाली. अभिनंदन!"

मॅडमनी लगेच मार्गदर्शकांना फोन लावला. मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, "नाहीच आढळणार. आपण तीनशे चाळीस बायकांचं नऊशे तास बोलणं गोळा केलं. धान्याबद्दल 'संपलं' असं एकीनेही म्हटलेलं नाही. याचा शास्त्रीय अर्थ तुमच्या लक्षात येतोय का?"

"काय सर?"

"तुमच्या जिल्ह्यात धान्य संपत नाही. हा स्वतंत्र निष्कर्ष आहे. पाचवं प्रकरण करा."

पाचवं प्रकरण झालं. त्याचा सारांश वर गेला आणि वरून हुकूम खाली आला. संबंधित शाळेत अतिरिक्त साठा असल्याने सहा पोती शेजारच्या तीन शाळांना देण्यात यावीत. वाटप शिक्षण विभागाचे भगवानराव साहेब यांच्या हस्ते होईल. त्याच प्रसंगी कौशल्याबाईंचा 'आदर्श वापरकर्ती' म्हणून सत्कार होईल. पाहुण्यांचं भोजन शाळेच्याच साठ्यातून करण्यात यावं, म्हणजे प्रयोगाचं प्रात्यक्षिकही होईल.

शेखर सर हुकूम हातात घेऊन स्वयंपाकघरात धावले. "बाई, मेलो! कोठी रिकामी दिसली तर आठ पोती आपण खाल्ली म्हणतील. तुमची चूल जाईल, माझी नोकरी जाईल."

"लेकरायनं इतके दिवस भात नाही पाह्यला, त्याचं बोला सर."

"अवो, आधी साहेबाच्या ताटाचं पाहा!"

"पाह्यतो ना," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि घरून स्वतःचे आठ किलो तांदूळ डोक्यावर घेऊन आल्या.

कार्यक्रम अकराला होता, साडेबाराला सुरू झाला. हार झाले, दीपप्रज्वलन झालं, वाटप जेवणानंतर ठेवलं. मार्गदर्शक 'माणूस आणि यंत्र' यावर पन्नास मिनिटं बोलले. त्यांतली चाळीस यंत्रावर होती, उरलेली दहा स्वतःवर. मंडपात भाषणं चालू असताना मागच्या ओसरीवर बासष्ट पोरं ओळीने बसली होती. कौशल्याबाई वाढत होत्या, पोरं पुन्हा मागत होती, त्या पुन्हा वाढत होत्या. शेवटच्या पोराने बोटं चाटली तेव्हा मंडपात साहेबांचं भाषण संपून टाळ्या पडत होत्या. पातेल्यात वरण होतं, भाजी होती. भाताच्या पातेल्यात मात्र पळी फिरली की रिकामा आवाज येत होता.

पाहुणे पंगतीला बसले. पोळीभाजी झाली, आणि भगवानराव साहेबांनी वरणाची वाटी जवळ ओढली.

"बाई, भात?"

कौशल्याबाईंनी पदर सावरला. "साहेब, भात वाढला."

साहेबांनी ताट पुढे केलं. "मग वाढा की!"

"वाढला जी."

"अहो, कुठे वाढला? ताट तर कोरडं आहे!"

"वाढला म्हनून त कोरडं हाये, साहेब."

भिंतीवरून स्वयंपाकघरातला डबा उत्साहाने ओरडला, "अभिनंदन! भात तीन वेळा वाढल्याची नोंद झाली."

शेजारी मार्गदर्शकांनीही ताट पुढे केलं होतं. त्यांच्या पलीकडे पुष्पांजली मॅडमनी मान खाली घातली होती, कारण 'वाढला' म्हणजे काय ते पंगतीत सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं होतं. संपूर्ण पंगत ताटं पुढे धरून बसली होती, आणि ओसरीवरून बासष्ट पोरं पोट चोळत हे प्रात्यक्षिक पाहत होती.

भगवानराव मूळचे मेहकरकडचे. ताट धरून हात अवघडला तेव्हा त्यांना आपली आई आठवली. पिठाच्या डब्यात हात घालून "वाढलं रे बापू," म्हणणारी. त्यांनी सावकाश ताट खाली ठेवलं. एकदा कौशल्याबाईंकडे पाहिलं, एकदा मंडपात लावलेल्या आलेखाच्या फलकाकडे आणि एकदा बाहेर उभ्या असलेल्या पत्रकाराकडे. मग शेखर सरांना जवळ बोलावून कानात म्हणाले, "वाटप झालं असं समजा. उद्या चार पोती पाठवतो. पुढंही लागली की मले फोन करत जा, पहिल्यासारखा. फक्त कुठं लिहू नका. अभ्यास बिघडतो."

जाताना त्यांच्यापुढे अभिप्रायाची वही आली. 'भोजन कसे होते?' साहेबांनी लिहिलं, 'उत्तम.' 'साठा?' त्यांनी लिहिलं, 'विपुल.' भाताचं शीतही मिळालं नव्हतं, पण यजमानासमोर काय लिहायचं असतं ते त्यांच्या आईने त्यांनाही शिकवलेलं होतं.

शाळेत तेव्हापासून तांदूळ फोनवर येतात आणि डब्यावर वाढतात. मॅडमना पदवी मिळाली. कौशल्याबाईंनी 'संपले' म्हटल्याबद्दल अकरा शुक्रवार धरले, आणि तसबीर पुन्हा सरळ केली.

डबा मात्र आता घरोघरी लागणार आहे. त्याची नवी आवृत्ती तांदळाचं विचारत नाही. रोज सकाळी मृदू आवाजात एवढंच विचारते, "कसं काय, बरं चाललंय ना?" चाचणीत शंभर टक्के लोकांनी एकच उत्तर दिलं. तुम्ही काय सांगणार हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि डब्यालाही. तुमची नोंद त्याने आधीच करून ठेवली आहे.

अभिनंदन.