धावपट्टीवरचं जहाज

समुद्रावर सुरक्षित राहण्याचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे समुद्रावर नसणे. बहुतेक जहाज कंपन्यांना हे सत्य उशिरा उमगतं. या कंपनीला ते एका स्वच्छ सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी उमगलं, आणि त्याचं सगळं श्रेय कप्तानाकडे जातं, जो त्या वेळी शक्य तितका विरोध करत होता.

कप्तान एकतीस वर्षं जहाजावर होता. तेवढ्या काळात नोंदवहीत त्याने एकदाही खोटं ठिकाण लिहिलं नव्हतं. (स्वतःच्या वजनाबाबत आणि सिगारेटींबाबत त्याचा दावा इतका ठाम नसे.) अशी माणसं कोणत्याही आधुनिक व्यवस्थेत अडचणीची ठरतात, पण कंपनी समजूतदार होती. तिने त्याला 'नवे धोके संरक्षण पुस्तिका' दिली. पानं चारशे बारा. त्यातली पहिली चार कलमं अशी:

कलम १. खोटे संकेत पाठवून जहाजाची दिशाभूल करणारे लोक जगात आहेत.

कलम २. जहाजाच्या संगणकात शिरून सुकाणू ताब्यात घेणारे लोकही आहेत. सबब, सुकाणू व इंजिन किनाऱ्यावरून कुलूपबंद राहतील व कोणाच्याही हाती लागणार नाहीत. 'कोणाच्याही' यात कप्तान समाविष्ट आहे.

कलम ३. (सुरक्षेच्या कारणास्तव जहाजावर पाठवलेले नाही.)

कलम ४. ड्रोन दिसल्यास त्याचा नोंदणी क्रमांक टिपून घ्यावा.

तर दहा वाजून पाच मिनिटांनी कुणीतरी खोटे संकेत पाठवले. पडद्यावरचं जहाज टुणकन उडालं आणि किनाऱ्यापासून चाळीस किलोमीटर आत, एका विमानतळाच्या धावपट्टी क्रमांक दोनवर जाऊन बसलं. आपोआप चालणाऱ्या सुकाणूने हे मनावर घेतलं आणि जहाज समुद्राकडे नेण्यासाठी प्रामाणिकपणे डावीकडे वळवलं. डावीकडे खडक होते. खडकांवर दीपगृह होतं. चाळीस मिनिटांचं अंतर, जहाजावर बावीस माणसं.

कुलूप उघडायची सोय अर्थातच होती. पडदा एकच प्रश्न विचारी: 'जहाज कुठे आहे?' उत्तर जुळलं की सुकाणू मोकळं. कप्तानाने दुर्बिणीतून दीपगृह पाहिलं, होकायंत्र पाहिलं, नकाशावर पट्टी ठेवली आणि खरं ठिकाण भरलं.

'उत्तर चुकीचे. दोन संधी शिल्लक.'

त्याने किनाऱ्यावरच्या सुरक्षा कक्षात फोन लावला. तिथल्या मॅडम अतिशय सौजन्याने बोलत.

"कॅप्टनसाहेब, तुम्ही विमानतळावर आहात."

"मॅडम, मी पाण्यात आहे. समोर खडक आहेत."

"धावपट्टीवर खडक कुठून येणार?"

"अहो, मी खिडकीतून बघतोय!"

"खिडकी आपल्या मान्य साधनांच्या यादीत नाही ना, साहेब." मॅडमनी आवाज जरा खाली आणला. "आणि राग मानू नका, पण कुणीतरी कप्तान असल्याचं भासवून भलतंच ठिकाण सांगतंय, असा इशारा आत्ताच आलाय. तुम्ही सांभाळून राहा."

कप्तानाने पुन्हा खरं ठिकाण भरलं, या वेळी अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत. एकच संधी उरली. तीही चुकली तर कुलूप चोवीस तासांसाठी बंद. (चोवीस तास हा कालावधी तज्ज्ञ समितीने ठरवला होता. समितीत खडक नव्हते.)

एवढ्यात सुकाणूजवळ रिकामा उभा असलेला खलाशी म्हणाला, "साहेब, डोक्यावर काहीतरी घुंऽऽ करतंय."

"नंबर दिसतोय का?"

"पोट दिसतंय. पोटाला काहीतरी बांधलंय."

मॅडम फोनवरच होत्या. त्यांनी पुस्तिका चाळली. "विमानतळापासून पाच किलोमीटरच्या आत ड्रोनला बंदी आहे, साहेब. त्यामुळे ते ड्रोन नाही."

दुसऱ्या फोनवर बायको आली. घरी तिच्याकडे जहाज दाखवणारं ॲप होतं.

"अहो, विमानतळावर उतरलात आणि एक फोन नाही? मी निघू का न्यायला?"

"अगं, मी समुद्रात आहे. तुझा विश्वास नाही का माझ्यावर?"

"आहे हो. पण ॲप कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणारेय?"

एकतीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदाच एवढा बिनतोड प्रश्न विचारला होता. कप्तानाने समोर पाहिलं. दीपगृहाच्या खिडकीची तुटकी काच दुर्बिणीशिवाय दिसत होती. खलाशी सुकाणूवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता. खलाशाच्या बायकोकडे ॲप नव्हतं.

कप्तानाने नाक पुसलं आणि भरलं: 'धावपट्टी क्रमांक दोन.'

खट्. कुलूप उघडलं.

"पूर्ण उजवीकडे!" तो ओरडला. जहाज कण्हत वळलं. खडक डाव्या बाजूने इतक्या जवळून गेले, की त्यांच्यावर बसलेल्या पक्ष्यांना उठावं लागलं.

ड्रोनने वर दोन घिरट्या घातल्या, थोडं घुटमळलं आणि जमिनीच्या दिशेने निघून गेलं. बहुधा त्याच्याही पडद्यावर जहाज विमानतळावर होतं.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "पहिल्यापासून खरं सांगितलं असतं तर एवढा मनस्ताप झाला असता का?"

नियमानुसार तेच उत्तर नोंदवहीतही उतरवावं लागलं. ती एक ओळ लिहायला कप्तानाला खडक चुकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. खाली सही करताना त्याने स्वतःचं नाव दोनदा तपासून पाहिलं.

पुढे कंपनीचा वार्षिक अहवाल आला. हल्ले चौदा, सुरक्षित जहाजे चौदा, पैकी विमानतळावर बारा, एक स्टेडियममध्ये, एक डोंगरावर. कप्तानाला 'अचूक नोंदी'साठी प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्याने घरी नेलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

वाचकहो, इथे तुम्हाला हसू आलं असेल. आता आठवा: फोनवर काहीतरी उघडत नव्हतं म्हणून गेल्या आठवड्यात तुम्ही एका चौकोनात खूण केली होती. शेजारी लिहिलं होतं, 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.'

तुमच्यासमोर तर खडकही नव्हते.