बाद झालेला दगड

"सात माणसांचा खेळ खेळलोय मी. पाच माणसांचा काय मोठा?"

हे वाक्य प्रविण पेणहून निघताना बोलला, नागोठण्याला चहा पिताना बोलला आणि रोहा जवळ आल्यावर पुन्हा एकदा बोलला. त्यानंतर मात्र ते वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

माणूस थापाडा नव्हता. एके काळी गावच्या कबड्डी संघाचा तो उजवा कॉर्नर. चढाईवाल्याचा घोटा एकदा प्रविणच्या हातात आला की सुटायचा नाही, पंचानं शिट्टी वाजवली तरी सुटायचा नाही, मग दोघं-तिघं येऊन प्रविणची बोटं एकेक करून उघडायचे. आता तो कंपनीत शिफ्ट करतो आणि पोट सांभाळतो. पण खेळ म्हटला की घाम यायला पाहिजे, माती लागायला पाहिजे, हे त्याचं मत कायम. म्हणून त्याची मुलगी भाविका मोबाइलवर 'पंचवीर' खेळायला बसली की तो दारातून म्हणायचा, "झाला का गो व्यायाम, अंगठ्याचा?"

शेवटी बापलेकीचं ठरलं. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या हॉलमधल्या स्पर्धेत भाविकाचा संघ जिंकला, तर प्रविण पुन्हा अवाक्षर काढणार नाही. हरला, तर खेळ मोबाइलमधून कायमचा जाणार. भाविकानं हात पुढे केला, प्रविणनं टाळी दिली.

आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी संघातल्या सलमानचं मस्कतचं तिकीट आलं.

बदली खेळाडू म्हणून भाविकानं नाव कुणाचं दिलं होतं? जागा रिकामी ठेवता येत नव्हती, म्हणून सहज, गंमत म्हणून—

व्हय. त्याचंच.

•

संघातल्या नितेशच्या इको गाडीत प्रविणचं शिक्षण झालं.

"पप्पा, बघा. आपले पाच हिरो, त्यांचे पाच. मधी तीन रस्ते. रस्त्यावर बुरूज. त्यांचे बुरूज पाडत जायचं, शेवटी त्यांचा किल्ला फोडायचा. ज्याचा किल्ला फुटला तो हरला."

"आणि ही मधी नदी काय?"

"नदीच्या अलीकडं आपलं, पलीकडं त्यांचं."

"मध्यरेषा," प्रविण म्हणाला.

"तुमचा हिरो दगड. मोठा हाय, हळू चालतो, मार खातो. मार खाणं हेच त्याचं काम."

मागच्या सीटवरून हफ्सा म्हणाली, "काका, मी जाळणारी. पण माझी आग एका जागी पडते, शत्रू पांगलेले असले की वाया जाते. तुमच्या दगडाकडं लाल बटण हाय. ते दाबलं की आजूबाजूचे सगळे खेचून दगडाला चिकटतात. पागाच्या जाळ्यात मासळी येते ना, तसे. मग मी आग टाकते."

"आणि दगड पण जळतो?"

"दगडाला भाविका जगवते. ती वैद्य हाय."

"मी तिरंदाज," प्रणित म्हणाला. गाडी चालवता चालवता नितेश म्हणाला, "मी लपून मारणारा."

प्रविणनं बोटं मोजली. एक मार खाणार, एक जगवणार, एक जाळणार. एकटा कुणीच कामाचा नाही, आणि एकत्र आले की सुटका नाही. हे तर कॉर्नर आणि कव्हरचं गणित. त्याला पहिल्यांदाच जरा धाक वाटला, पण तो त्यानं चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

सगळं सांगून झालं. एकच गोष्ट सांगायची राहिली, कारण ती इतकी साधी होती की सांगायला हवी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. या खेळात हिरो मेला की थोड्या वेळानं आपला आपण किल्ल्याजवळ उठतो.

कबड्डीत असं होत नाही.

•

हॉल लग्नाचा होता. स्टेजवर नवरा-नवरीच्या जागी दोन टेबलं, टेबलांवर पाच-पाच मोबाइल, भिंतीवर मोठा पडदा. समोरचा संघ रोह्याचा. त्यांचा कप्तान कान्हू. कानावर हेडफोन चढले, सामना सुरू झाला, आणि प्रविणचा दगड मधल्या रस्त्यानं निघाला. समोर शत्रू दिसला. प्रविणनं त्याला धरलं. आणखी दोन आले. प्रविणनं धरून ठेवलं. चौथा आला, पाच—

(इथं हॉलचं नेट अडकलं. पडद्यावर सगळे होते तिथंच थांबले. कथेलाही थांबावं लागतंय. गोल फिरतंय. फिरतंय.)

—वा आला आणि दगड मेला.

प्रविणनं एक सुस्कारा सोडला. हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले. मोबाइल पालथा घातला. समोरच्या संघाला मान तुकवली, स्टेजच्या पायऱ्या उतरला आणि कडेला जमिनीवर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला. पाठ ताठ.

पंचाचं काम करणारा मुलगा धावत आला. "काका, काय झालं?"

"बाद झालो."

"बरं वाटत नाय का?"

"कुणाला बरं वाटंल?"

मुलानं लिंबू सरबत मागवलं.

•

आता इथून दोन ठिकाणी एकाच वेळी बघावं लागेल.

पडद्यावर: दगड किल्ल्याच्या दारात जिवंत उभा. हलत नाही.

जमिनीवर: दगडाचा मालक सरबत पितोय. मीठ कमी आहे असं त्याचं म्हणणं.

पडद्यावर: कान्हूचा संघ दोन बुरूज पाडून किल्ल्यापर्यंत येतो. दारातला दगड बघतो. थांबतो.

कान्हू, हेडफोनमध्ये: "हा हलत का नाय? मागं काहीतरी लपलंय. फिरा मागं."

जमिनीवर: आयोजकांपैकी कुणीतरी बीपी मोजायचं यंत्र घेऊन येतं. प्रविण दंड पुढे करतो. "कबड्डीत एवढी सोय नव्हती," तो कौतुकानं म्हणतो.

पडद्यावर: कान्हूचा संघ पुन्हा येतो, दगड बघतो, पुन्हा फिरतो.

स्टेजवर: भाविका तिसऱ्यांदा म्हणते, "पप्पा, चला ना." ती मान वळवते. खुर्ची रिकामी. बाप खाली दंडाला बीपीचा पट्टा बांधून बसलाय आणि आरामात सामना बघतोय.

तिला टाळी आठवली. हरला तर खेळ कायमचा जाणार.

तिचा चेहरा असा झाला की हफ्सानं विचारलं, "काय गो?"

"काय नाय. चौघंच हाव आपण. खेळा."

प्रविणनं मात्र त्या नजरेचा अर्थ लावला की पोरगी म्हणतेय, थांबा, उठवते तुम्हाला. त्यानं पट्टा बांधलेला हात वर करून तिला धीर दिला.

•

आणि मग प्रविणनं पहिल्यांदा तो खेळ पाहिला. पडद्यावर आणि पडद्याखाली, एकदम.

लेक बोलत होती. ऐकू काही येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते. ओठ हलले की तिरंदाज मागं सरकायचा. ओठ हलले की जाळणारी झाडीत शिरायची. ओठ थांबले की चारही जण थांबायचे, श्वाससुद्धा घेत नसल्यासारखे, आणि शत्रू बरोबर त्यांच्या अंगावरून पुढे निघून जायचा. पाचांसमोर चौघं. मरायला टेकलेला प्रणित तिनं असा जगवला की प्रविणच्या हातातला पेला वाकडा झाला आणि सरबत गुडघ्यावर सांडलं.

त्यानं उभ्या हयातीत सात जणांना एका शब्दावर हलवायचा प्रयत्न केला होता. सात जण कधीच हलले नाहीत. एक तरी चुकीच्या बाजूला उडी मारायचाच, बहुतेक वेळा प्रविणच. आणि ही, जिला तो दारातून टोमणे मारायचा, ती खुर्चीत बसून नुसत्या ओठांनी...

त्याला शब्द सापडला नाही. कथेलाही सापडत नाही. पुढे जाऊ.

झाडीतून नितेश निघाला आणि त्यानं शत्रूचा एक हिरो मारला. सामन्यातला त्यांचा पहिलाच.

प्रविण उडी मारून उभा राहिला. "उठलो!"

समोरचा एक बाद, आपला एक आत. कबड्डीचा हिशोब चोख. पट्टा तसाच, नळी लोंबकळतेय, असा तो स्टेजवर धावला. यंत्र घेऊन त्याचा मालकही मागोमाग धावला.

"कुठं होतात?" भाविकाचा आवाज बारीक झाला होता.

"बाद होतो ना. नितेशनं उठवला."

भाविकाचं तोंड उघडं राहिलं. पण बोलायला वेळ नव्हता, कारण प्रविणनं दीर्घ श्वास घेतला होता आणि त्याच्या ओठांतून "कबड्डी कबड्डी कबड्डी" सुरू झालं होतं.

दगड सरळ नदी ओलांडून शत्रूच्या हद्दीत घुसला. उरलेल्या चौघांना एकेक टोला देऊन आला. श्वास संपत आला तसा गर्रकन वळून पळाला. चौघंही मागं लागले. प्रविणनं नदीच्या अलीकडं दगड झोकून दिला आणि श्वास सोडला. "आलो. चार गुण."

चौघांनी नदी ओलांडली आणि दगडाला घेरलं.

"पंच, रेषा ओलांडली यांनी. पंच!"

"पप्पा," भाविका म्हणाली, अगदी शांत, "लाल बटण. धरा."

धरा हा शब्द प्रविणच्या ओळखीचा होता. त्यानं बटण दाबलं. चौघं खेचले जाऊन दगडाला चिकटले. वरून हफ्साची आग आली. दगड जळत होता, भाविका जगवत होती. दगड जळत होता, भाविका जगवत होती. चौघांपैकी एकही सुटला नाही, आणि तेवढ्यात नितेश, प्रणित मोकळ्या रस्त्यानं बुरूज पाडत किल्ल्यावर गेले. प्रविणनं बटण सोडलं नाही. त्यांचा किल्ला फुटला, पडद्यावर फटाके उडाले, तरी सोडलं नाही. शेवटी हफ्सा आणि प्रणितनं मिळून त्याचा अंगठा उचलला.

•

भाविका बापाकडं बघत राहिली. "मला वाटलं, मुद्दाम बसलात. मी हरावं म्हणून."

"मुद्दाम?" प्रविणला खरंच समजेना. "मैदानात?"

तिनं त्याच्या दंडाचा पट्टा सोडवला आणि यंत्रवाल्याला दिला. तो म्हणाला, "तू बोलतेस आणि ते हलतात गो. कसं करतेस?" ती लाजली.

कान्हू आला आणि वाकून नमस्कार करू लागला. "काका, दगड उभा ठेवायचा तो डाव एकदा शिकवा. आमचे पाय पुढं पडंनात."

"मी बाद होतो रे."

कान्हूनं समजूतदारपणे मान हलवली. मोठे खेळाडू गुपित सांगत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

तेवढ्यात माइकवरून आयोजक म्हणाले, "विजेत्या संघाचं अभिनंदन. अलिबागच्या अंतिम फेरीत हेच पाच खेळाडू उतरतील. बदल चालणार नाही."

भाविकानं हात वर केला. "सर, एक पण नाय?"

"एक पण नाय."

प्रविणनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरतेस कशाला? मी हाय ना."

"तेच ना, पप्पा," भाविका म्हणाली.