बत्ता कुणाजवळ हाय?

आमच्या स्टुडिओत लग्नाची फिल्म जोडायला बसायचं तर आधी हातात लाटणं घ्यावं लागायचं. किंवा झारा, किंवा रवी, किंवा उलथणं. ज्या लग्नाला जे नेमून दिलं असेल ते. माझ्या नशिबी पालमचं लग्न आलं, म्हणून माझ्या कीबोर्डशेजारी वर्षभर पितळेचा बत्ता होता. खल नाही, नुसता बत्ता. गिऱ्हाईक आलं की आधी बत्त्याकडं बघायचं, मग माझ्याकडं बघायचं, आणि खुर्ची जरा मागं सरकवून बसायचं.

ही अक्कल मन्मथअप्पांची. आमचे मालक गजानन, त्यांचे हे मामा. उभा जन्म रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून गेला आणि इथल्याच पूर्णा जंक्शनवरून रिटायर झाले. मामी गेल्यावर अप्पा घरात एकटेच बसून राहायला लागले, तेव्हा गजाननभाऊंनी त्यांना स्टुडिओत आणून बसवलं. काम एवढंच, की फोन उचलायचा आणि मालक बाहेर गेलेत म्हणून सांगायचं. आता अप्पांना खोटं बोलता येत नाही. ते फोनवर शांतपणे सांगायचे, "मालक समोरच बसलेत. पण बाहेर गेलेत म्हणून सांगा म्हणायलेत." आठवडा व्हायच्या आत त्यांच्याकडून फोन काढून घेतला. फोन गेल्यावर त्यांचं लक्ष डब्याकडं गेलं, आणि आमचे सुखाचे दिवस संपले.

डबा म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली काळी पेटी. शूटिंग करून आणलेलं सगळं तिच्यात भरायचं, आणि आम्ही चौघांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून तिच्यातूनच उघडून जोडायचं. सोय लई चांगली, पण एक खोट होती. एकच प्रोजेक्ट दोघांनी उघडलं तर जो शेवटी सेव्ह करील त्याचं राहतं आणि दुसऱ्याच्या कष्टांवर पाणी पडतं. पालमच्या लग्नात तेच झालं. मी दिवसभर मरमर करून वरात जोडली. त्याच दिवशी सोहेल पलीकडच्या टेबलावर तेच प्रोजेक्ट उघडून नवरीच्या आईच्या साडीचा रंग खुलवत बसला होता, आणि त्यानं सेव्ह केलं माझ्यानंतर. साडी काय खुलली म्हणता! वरात मात्र गेली. नवरदेव घोड्यावर चढतोय, आणि पुढच्याच क्षणाला पंगतीत बसून जिलेबी खातोय.

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी सोहेलच्या सात पिढ्या काढल्या, त्यानं माझ्या आठ काढल्या. अप्पा भिंतीशी बसून ऐकत होते. आमचा दम संपल्यावर त्यांनी विचारलं, "एका लाइनीवर दोन गाड्या सोडल्या कुणी?"

सोहेलनं माझ्याकडं बोट केलं, मी सोहेलकडं.

"इथं मास्तर कोण हाय?"

गजाननभाऊ मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी अप्पा रेशनची पिशवी घेऊन आले आणि टेबलावर पालथी केली. अख्खं स्वयंपाकघर खणखणत बाहेर पडलं. मग आमचा वर्ग भरला. पूर्वी एकेरी लाइनीवर म्हणे स्टेशनातून लोखंडी गोळा मिळायचा. गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला तरच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जायची. गोळा एक, म्हणून गाडी एक. तसंच आता एका लग्नाला एक वस्तू. ज्याच्या हातात वस्तू, त्यानंच ते लग्न उघडायचं. पालमला बत्ता, पिंगळीला लाटणं, परभणीच्या पार्टीला झारा.

गजाननभाऊ म्हणाले, "मामा, साध्या चिठ्ठ्या करू की."

"चिठ्ठी उडती," अप्पा म्हणाले. "बत्ता उडतो का?"

बत्ता उडत नाही, हे आम्हाला सगळ्यांना मान्यच होतं.

वस्तू नुसती उचलून घेतली तर चालायचं नाही. ती अप्पांच्याच हातून घ्यायची. आणि ती देताना अप्पा अंग चोरून बाजूला उभे राहायचे आणि हात जेवढा लांब जाईल तेवढा लांब करायचे. का, तर धावत्या इंजिनातल्या ड्रायव्हरला गोळा असाच द्यायचा असतो. मी खुर्चीत बसलेली. माझा वेग शून्य. तरी अप्पांच्या अंगावरून मेल चालल्यासारखा सगळा थाट. मग मोठ्यानं म्हणायचं, "पालम, बत्ता, वर्षा." आणि मी म्हणायचं, "मिळाला." हे म्हटल्याशिवाय ते मूठ सोडत नसत.

सोहेलनं एकदा लाटण्याशिवाय पिंगळीचं लग्न उघडलं. अप्पा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याची ओळख करून द्यायला लागले, "हे सोहेल. काम चांगलं हाय. सिग्नल तोडतेत." पोराला त्या दिवसांत स्थळं बघणं चालू होतं. एक सोयरा त्याला बघायला स्टुडिओतच आला आणि त्यालाही हे ऐकवलं गेलं. सोहेल पुन्हा कधी लाटण्याशिवाय माउसला शिवला नाही.

डब्यातल्या फोल्डरांची नावंही बदलली. नवीन आलेलं शूटिंग 'अप', गिऱ्हाइकाला द्यायचं ते 'डाउन', आणि नको झालेलं ते 'यार्ड'. यार्डातलं काही कायमचं पुसायचं म्हटलं की अप्पा सगळ्यांना उभं करून विचारायचे, "कुणाचं कुणी माणूस ह्याच्यात हाय का?" आता लग्नातल्या फुटेजमध्ये कुणाचं ना कुणाचं माणूस असणारच. त्यामुळं यार्ड कधी रिकामं व्हायचं नाही आणि गजाननभाऊंना हार्डडिस्का आणत बसावं लागायचं.

तरी म्हणावं, माणसाला त्यातलं कळत होतं का? काडीचं नाही. एका फाइलीच्या दोन प्रती केल्या तर दोन्ही अर्ध्याच राहतात अशी त्यांची पक्की समजूत होती. उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, डबा तापायला लागला म्हणून एका दुपारी त्यांनी त्याच्यावर ओला पंचा टाकला. सोहेल किंचाळत गेला आणि पंचा ओढून काढला. अप्पा म्हणाले, "लेकराला ताप आल्यावर आपण काय करतो?" त्यानंतर ते पंचा टाकत नसत. हातपंखा घेऊन डब्यापुढं बसत.

आता बत्त्याचं सांगते. बाकीची भांडी संध्याकाळी खिळ्याला टांगली जायची, पण बत्ता अप्पा घरी न्यायचे. चहात आद्रक कुटून लागतं म्हणून. सकाळी आणतील तर शपथ. आठवड्यातून दोनचारदा तरी ते हात हलवत यायचे आणि दुपारी मी बत्ता मागितला की कपाळाला हात लावायचे, "ते घरीच राहिलं की." आणि पालमचं लग्न काही संपता संपत नव्हतं. नवरदेवाच्या मामांना त्यांचा फेटा अजून ठळक दिसायला पाहिजे होता. फेटा ठळक केला की मामी रुसायच्या. मग काय, अप्पांना स्कूटीवर मागं बसवायचं आणि बत्ता आणायला त्यांच्या घरी जायचं. गजाननभाऊ सोहेललाही कधीमधी पाठवायचे, पण त्याला स्कूटी हळू चालवता येत नाही, अशी अप्पांची तक्रार होती.

घर रेल्वेच्या पटरीला लागून, दोन खोल्यांचं. पहिल्यांदा गेले तेव्हा बत्ता घेऊन लगेच निघणार होते. अप्पा म्हणाले, "आलाव तर चहा घ्या. आद्रक कुटूनच ठिवलंय." स्वयंपाकघरात गेले तर भिंतीला खिळ्यांची ओळ, आणि एकाही खिळ्याला काही नाही. फळीवर चहाचं पातेलं, गाळणी आणि दोन कप.

"अप्पा, स्वयंपाक कशानं करता?"

"डबा येतो मेसचा. सैपाक कुणासाठी करायचा?" मग खिळ्यांकडं बघत म्हणाले, "आमच्या हिनं एकेक जमवलेलं. नुसतं टांगलेलं बघू वाटंना. तुमच्याकडं कामाला लागलं, बरं झालं."

मी चहा प्याले. मामींच्या तब्येतीचं, मामींच्या हातच्या येसराच्या आमटीचं, मनमाडच्या गाडीचं, असं बरंच काही अप्पा बोलत राहिले. स्टुडिओत एवढं बोलायचे नाहीत. तिथं 'नियम हाय' आणि 'बत्ता कुणाजवळ हाय' यांच्या पलीकडं त्यांची गाडी जात नसे.

दिवाळीनंतर गजाननभाऊंनी नवी व्यवस्था आणली. एकानं प्रोजेक्ट उघडलं की दुसऱ्याच्या पडद्यावर आपोआप पाटी येणार, अमुक माणूस वापरतोय, थांबा. ना लाटणं, ना झारा. आम्ही चौघांनी समोसे मागवले. मी तर दोन खाल्ले. खाताना बघितलं तर अप्पा पडद्यावरची पाटी वाचत उभे होते. दोनदा वाचली. मग म्हणाले, "चांगलं हाय. आता टक्कर होत न्हाई."

गजाननभाऊंना माया नाही असं नाही, पण बोलायची रीत नाही. ते म्हणाले, "मामा, सुटलात तुमी. उद्यापासनं बिलकुल आराम करा. येत जा कधीमधी."

कधीमधी या शब्दाचा अर्थ आमच्याकडं सगळ्यांना कळतो. अप्पांनाही कळला. त्यांनी खिळ्यावरची भांडी उतरवली, पंच्यानं पुसली आणि रेशनच्या पिशवीत भरली. बत्ता त्या दिवशी नेमका स्टुडिओतच होता. तोही माझ्या टेबलावरून उचलून पिशवीत घातला. पिशवी दाराशी ठेवून ते डब्याकडं गेले आणि त्याच्यावर हात ठेवून तापलाय का ते बघून आले. तेवढ्यात मी पिशवीतून बत्ता काढला आणि ओढणीखाली धरला. कामून काढला ते मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं, की सगळं जर आजच घरी गेलं तर मग त्या घरी जायला कुणाला काही कारणच उरत नाही.

संध्याकाळी बत्ता घेऊन गेले. दार उघडंच होतं. खिळ्यांवर लाटणं, झारा, रवी, सगळं जागच्या जागी लागलं होतं. पातेल्यात चहा उकळत होता आणि फळीवर दोन कप विसळून ठेवलेले होते.

मी म्हणाले, "अप्पा, बत्ता विसरलात तुम्ही."

"मी इसरत नसतो," अप्पा म्हणाले. "आजवर एकदाबी इसरलो न्हाई."

फोनवर साधं खोटं न जमणारा हा माणूस. मी वर्षभराच्या त्या सगळ्या दुपारी आठवल्या, कपाळाला लावलेला तो हात आठवला, आणि कुटून ठेवलेलं आद्रकही.

त्यांनी माझ्या हातून बत्ता घेतला, आद्रक ठेचलं, चहात टाकलं. "वझं कमी झालेलं कळत न्हाई का मला? रेल्वेच्या पुलावर चढायच्या आतच कळलं. म्हणलं, येतीलच आता." आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "लय बरं वाटलं ताई."

मलाही बरं वाटलं. तसं मी सांगितलं, पण असलं बोलायची सवय त्यांनाही नाही आणि मलाही नाही. मग नवरदेवाच्या मामांच्या फेट्याचा विषय काढला आणि दोघांचीही सुटका झाली.

निघाले तेव्हा अप्पा दारापर्यंत आले. स्कूटीला किल्ली लावली तर ते अंग चोरून बाजूला उभे, हात होईल तेवढा लांब केलेला, आणि हातात बत्ता.

"न्या. उद्या चहाच्या टायमाला आणा. आद्रक कशानं कुटू?"

मी हात पुढं केला. त्यांनी मूठ सोडली नाही.

"पालम, बत्ता, वर्षा."

पालमच्या नवरीला तोवर मुलगीसुद्धा झाली होती. बारशाच्या शूटिंगची ऑर्डरही आमच्याकडंच आली होती.

"मिळाला," मी म्हणाले.