गोठण्याची हरकत

दरडींच्या नकाशात शेजारच्या तुंब्या डोंगराला तांबडा रंग आणि आपल्याला हिरवा, म्हणून गोठणा डोंगराने तहसील कचेरीत हरकत नोंदवली. अर्ज मुदतीत होता, त्यामुळे तो घ्यावाच लागला. डोंगराने खाली येणं कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून सुनावणी त्याच्याच पाठीवर, वरच्या सपाट कातळावर, सड्यावर ठेवली.

पायथ्याला धनगरवाड्याची सात घरं. पहिलं जानू झोऱ्याचं. सत्तर पावसाळे त्याने या डोंगरावर म्हशी राखल्या होत्या, म्हणून त्यालाही बोलावणं आलं.

नकाशा करणाऱ्या टिपुगडे बाईंनी संगणक मांडीवर घेऊन डोंगराला नीट समजावलं. आभाळातून जमिनीची उंची मोजली, तिचे दहा-दहा मीटरचे चौकोन पाडले, त्यावर चढ, माती, पाऊस असे थर ठेवले. जिथं दरड कोसळायचं भय जास्त, तिथं तांबडा. यात कुणाची मर्जी नाही. गोठण्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने मोजून दाखवलं, की तुंब्याकडे महिन्यातून दोनदा गाड्या जातात, पाऊस मोजायचं यंत्र बसलंय, मोठे साहेब येऊन त्याच्या अंगाला हात लावून गेलेत. आपल्याकडे येतात त्या म्हशी.

"माझ्याही अंगावर भेग आहे," तो म्हणाला. "जान्याला विचारा."

जानूने मान खाली घातली. भेग होती. चार बोटं रुंद, वाडीच्या बरोबर वर. म्हशीचा पाय अडकू नये म्हणून तो दर वैशाखात ती शेणमातीने लिंपायचा. त्याचा बापही लिंपायचा. एवढी बारीक भेग दहा मीटरच्या चौकोनात दिसलीच नव्हती. आता खरं सांगावं तर वाडी उठणार. नाही सांगावं, तर गोठणा इरेला पेटून श्रावणाच्या आत खाली येऊन दाखवणार. जानू त्याचा स्वभाव ओळखून होता.

"हाय बाई," तो म्हणाला. "म्याच झाकली. त्याचा दोष न्हाई."

हरकत मान्य झाली. गोठणा तांबडा झाला, त्यालाही यंत्र मिळालं. सातही घरं नदीपलीकडच्या माळावर गेली.

आठवड्याभरात गोठण्याचा दुसरा अर्ज आला. जानूच्या नव्या घराची खिडकी तुंब्याकडे उघडते, अशी तक्रार होती.

टिपुगडे बाई अर्ज घेऊन माळावर आल्या. "आजोबा, हे नियमात बसत नाही. पण भेग बोटभर वाढलीय."

"त्याचं असंच हाय," जानू म्हणाला. "म्हस तुंब्यावर चरून आली, तर दोन दिस झऱ्याचं पाणी द्यायचा न्हाई."

त्याने सावकाश ती खिडकी दगडांनी बुजवली, वरून शेणमातीने लिंपली आणि गोठण्याच्या बाजूला भिंत फोडून दुसरी काढली. बाई पंधरा दिवसांनी भेग मोजून आल्या. ती होती तिथंच थांबली होती.

आता त्या नकाशात चढ, माती, पाऊस यांच्यावर खिडक्यांचाही एक थर असतो.