आबासाहेबांचं धुक्यातलं सैन्य

आबासाहेबांच्या घरी गेलं, की ते पाणी विचारत नसत, घोडे विचारत. "किती दिसतात?"

भिंतीवर एक जुना फोटो होता. त्यात धुकं, घोडे आणि शिपाई. चित्रासारखा दिसावा म्हणून काढणाऱ्याने तो मुद्दाम धूसर ठेवला होता म्हणे. त्यात त्याला इतकं यश आलं होतं, की माझ्या बायकोला तिथे उतू गेलेलं दूध दिसलं. तेव्हापासून आबासाहेब तिच्याशी फक्त हवापाण्यावर बोलत.

"नुसतं बघू नका, बघत राहा," हे त्यांचं पालुपद. गिरगावात कधी काळी घराण्याची वाडी होती. आता आमच्या चाळीतली एक खोली आणि हे सैन्य उरलं होतं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. शिपाई लढाईला निघालेले नसून परतताहेत, डावीकडचा घोडा तहानलेला आहे, मधला स्वारावर रुसलाय, असं ते छातीठोक सांगत. अर्थ पुरा होईपर्यंत कुणी टिकत नसे. मी स्वतः दूध नासल्याचं निमित्त सांगून कितीदा उठलोय.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आबासाहेबांना चळवळीपेक्षा तिच्या आवाजाचा त्रास जास्त. एका दुपारी गल्लीत लाठीमार झाला आणि लालबागचा एक गिरणी कामगार धावत आमच्या मजल्यावर आला. आबासाहेबांचं दार उघडं होतं. तो सरळ पलंगाखाली घुसला.

मागोमाग फौजदार आणि हवालदार. मी गॅलरीतून आत डोकावलो, तर पलंगाखालून एक टाच दिसत होती.

"एक जण वर आलाय. कुठे आहे?" फौजदार गरजला.

"या, बसा," आबासाहेब म्हणाले. "घोडे किती दिसतात?"

"चार."

"चुकलात!"

फौजदाराला खुर्चीत बसवून त्यांनी धुक्यापासून सुरुवात केली. मग खोगीर, लगाम, शिपायांच्या खांद्यांचा उतार.

"अहो, मी ड्युटीवर आहे!"

"हेही ड्युटीवरच आहेत. नुसतं बघू नका, बघत राहा!"

हवालदार भिंतीला टेकून पेंगू लागला. रुसलेल्या घोड्याच्या शेपटीपाशी फौजदाराचा धीर सुटला. टोपी चढवत तो म्हणाला, "चल रे. इथे कोणी लपला असता, तर एव्हाना आपणहून हजर झाला असता."

पलंगाखाली माणूस आहे हे तोवर आबासाहेबांच्या ध्यानात राहिलं होतं का, हे मी आजही शपथेवर सांगणार नाही.

कामगार बाहेर आला. "कंटाळला असशील," आबासाहेब ओशाळून म्हणाले.

"नाय ओ. सगळा आयकलंय." त्याने फोटोकडे पाहिलं. "त्या घोड्याक पाणी गावला काय?"

फोटो सोडून आबासाहेब त्याच्याकडेच बघत राहिले. असं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग ते चुलीकडे वळले आणि त्यांनी भात टाकला. पाट मांडला, वरण वाढलं, तुपाची धार धरली आणि समोर बसून त्याला वारा घालू लागले.

दोन घासांत त्याने दाराकडे पाहिलं. "निघतंय आता."

"सावकाश जेव," आबासाहेब म्हणाले. "खाली अजून धरपकड चालू आहे."

मी खाली पाहिलं. गल्ली केव्हाच शांत झाली होती. दोन बायका नळावर भांडत होत्या.

"हो," मी म्हणालो, "चालू आहे अजून."

त्यांनी आणखी भात वाढला.