ऑब्जेक्शनवाले काका

आमचे वसंतकाका कशालाही ऑब्जेक्शन घेतात. जन्मभर हैदराबादला वकिली केली. कोर्ट सुटलं, पण ऑब्जेक्शन काही सुटलं नाही. पंगतीत वाढपी जिलबी न वाढता पुढे सरकला, "ऑब्जेक्शन!" काकूनं टीव्ही बंद केला, "ऑब्जेक्शन!" समजूत घालायला जावं तर म्हणणार, "नक्को, आधी सुनवाई होऊ दे."

माझे वडील लवकर गेले. मी मलकपेठला काकांकडेच वाढले, आणि माझ्याबरोबर माझ्या फिट्सही वाढल्या. गोळ्या बदलून झाल्या, डोस बदलून झाले, तरी एकदा शिकवता शिकवता वर्गातच कोसळले. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सुचवलं. फिट जिथून सुरू होते, तो मेंदूच्या डाव्या बाजूचा लहानसा भाग काढायचा.

"पण आठवणींचं कामही तिथेच चालतं," त्या म्हणाल्या. "हिचं तिथे किती चालतं, ते आधी स्कॅनमध्ये पाहू."

"ऑब्जेक्शन!" काका उठून उभेच राहिले. "पोरगी इतिहास शिकवते. आठवणीच गेल्या तर मुलांना काय सांगेल?"

"म्हणूनच तर पाहतोय, सर." बाई हसल्या. "हिनं मशीनमध्ये पडून ओळखीच्या रस्त्यानं मनातल्या मनात चालायचं. तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, ते आम्हाला दिसतं."

झालं! काकांनी त्याची परीक्षाच केली. रोज सकाळी मला गौलीगुड्याला, माझ्या जुन्या शाळेच्या रस्त्यावर, उजळणीला नेऊ लागले. "हा इराणी चहावाला, हे कुलपांचं दुकान. पुढे काय? बोल!"

"काका, यात पास-नापास नसतं हो."

"हौ, पण तयारी न करता कायकू जायचं?"

स्कॅनच्या दिवशी मशीन खडखडायला लागलं. मी डोळे मिटून निघाले, तर मनातल्या रस्त्यावरही काका पुढे, रिक्षावाल्याशी हुज्जत घालत!

रिपोर्ट आला. आठवणींचा बराचसा भार उजवी बाजूच उचलत होती, आणि बाकीच्या तपासण्याही तेच सांगत होत्या. थोडं विसरायला होईल, पण ऑपरेशन करायला हरकत नाही, असं बाई म्हणाल्या. काका कोर्टातल्यासारखे उठून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "नो ऑब्जेक्शन."

फिट्स थांबल्या. मी पुन्हा वर्गात उभी आहे. डॉक्टरांचे आणि त्या खडखडणाऱ्या मशीनचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याहून विसरणार नाही ती ऑपरेशननंतरची पहिली भेट.

काका इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून आले. खाटेपासून जरा लांबच थांबले आणि त्यांनी हात जोडले.

"नमस्कार. मी वसंत. तुझा काका." "आठवत नसलं तर परेशान नक्को होऊ, बेटा. आपण नव्यानं ओळख करून घेऊ. मी रोज येईन."

लहानपणी फिट येऊन गेल्यावर मी घ्यायचे, तसा त्यांचा हात ओढून गालाखाली घेतला. शेजारी स्टूल होतं. पण हात हलू नये म्हणून काका तसेच वाकून उभे राहिले, माझा डोळा लागेपर्यंत.