मोतीलालच्या मोटेला अकरा झोळ्या

जे काम बैल करू शकतात, त्यासाठी माणूस कशाला ठेवायचा? मोतीलालनं हे छाती पुढे काढून जाहीर केलं, तेव्हा त्याची बायको तापीबाई डाळ निवडायला बसली. नवऱ्याला काही सुचलं की ती डाळ निवडायला बसायची.

प्रश्न कौसाबाईचा होता. तापीकाठच्या मोतीलालच्या शेतात कापूस फुटून पांढरा झाला होता, आणि वेचणाऱ्या बायांची तान्ही पोरं विहिरीजवळच्या निंबाला टांगलेल्या झोळ्यांत झोपायची. त्यांना म्हातारी कौसाबाई सांभाळायची. दोन हातांत दोन दोऱ्या, पायाच्या अंगठ्यात तिसरी, तोंडानं गाणं आणि वर शेळीवर नजर! बायका तिला अर्धी अर्धी भाकर द्यायच्या, मोतीलाल थोडी ज्वारी. यंदा महागाईनं भाकरी लहान झाल्या आणि झोळ्या वाढून अकरा झाल्या. बायकांच्याच पोटाला पुरेना, त्या आणखी काय देणार?

"मन्हा खांदा गया, मोतीभाऊ," कौसाबाईनं सांगून टाकलं. "सोमवारले जोडले एक बाई द्या. नही ते मी येवाव नही."

ती आली नाही तर बायका येणार नाहीत, आणि बायका आल्या नाहीत तर कापूस शेतातच राहील. पण आणखी एका बाईची मजुरी मोतीलालच्या जिवावर आली.

त्यानं विहिरीवरच्या मोटेच्या चाकाला एक खुंटी ठोकली. खुंटीला दोरी, दोरीला अकराही झोळ्या. सालदार गोवालनं बैल हाकले, चाक फिरलं आणि सगळ्या झोळ्या एका तालात झुलू लागल्या. पोरं बघता बघता झोपली! कौसाबाईनं कितीतरी दिवसांनी दोन्ही हातांनी भाकर मोडून खाल्ली आणि मोतीलालला तोंडभर आशीर्वाद दिला. खरं सांगायचं तर युक्ती झकास होती. मोतीलालला तर गावोगावच्या विहिरींवर आपल्या खुंट्या दिसू लागल्या.

गव्हाचं भरणं झालं तसा गोवालनं मोट थांबवली. चाक थांबलं, झोळ्या थांबल्या आणि अकराही पोरांनी एकदम भोकाड पसरलं. कापसातल्या अकरा आया ताठ उभ्या राहिल्या.

"चालू दे!" मोतीलाल ओरडला.

पोरं गप्प झाली, पण पाणी थांबेना. केळीची बागही भरून गेली, पाट फुटला, आणि पाणी वेचलेल्या कापसाच्या ढिगाकडे निघालं.

"मालक, पानी कापूसमा घुसी ऱ्हायनं," गोवाल म्हणाला.

मोट थांबवावी तर आया पळत येतात, चालवावी तर कापूस भिजतो! मोतीलालनं डोकं खाजवलं आणि दुसरी युक्ती काढली. चामड्याची मोट सोडून ठेवायची, नुसता नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ओढत बैल हाकायचे. म्हणजे पाणी नाही आणि झोळ्या चालू.

बैलांना हे कुणी सांगितलं नव्हतं. रोजच्या सवयीनं त्यांनी सारी ताकद लावून खांदा दिला, ओझं काही लागेना, आणि जत्रेत शर्यतीला सुटावेत तसे ते उतारावर उधळले. चाक गरगरलं. झोळ्या निंबाच्या पाल्यापर्यंत उडू लागल्या. मोतीलाल बैलांमागे धावला, पाटाच्या चिखलात घसरला आणि थेट कापसाच्या ढिगात पालथा पडला.

कौसाबाई मात्र उठली होती. दुखऱ्या खांद्यानं तिनं सगळी दोरी अंगावर रेटून धरली आणि दुसऱ्या हातानं शेळीच्या चाऱ्याचा विळा उचलून कापून टाकली. झोळ्या हळूहळू स्थिरावल्या. आया धापा टाकत पोचल्या, तर पोरं आत खिदळत होती. त्या म्हातारीच्या अंगात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. खांदा धरून खाली बसताना तिचे डोळे भरून आले होते, तरी नजर झोळ्यांवरच होती. मोतीलालला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण तो अजून कापसातून निघाला नव्हता.

ओला कापूस अंगाला चिकटलेल्या अवस्थेतच त्यानं कबूल केलं, की सोमवारची वाट नको, उद्यापासूनच एक बाई ठेवतो.

कौसाबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आते एकवर भागाव नही, भाऊ. दोन बाया लागतीन," ती म्हणाली. "एक पोरेसले, आनि एक तुमले."

तापीबाईनं घरी हे ऐकलं आणि निवडलेली डाळ शिजायला टाकली.